‘दोन मिनिटांचं काम’ आणि माझा तिसरीचा वर्ग

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिक्षकांवर लादल्या जाणाऱ्या अशैक्षणिक कामांबद्दल आपल्या वर्तमानपत्रात बातम्या आणि पत्रं येत असतात. ती मी आवर्जून वाचते, कारण मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवते आहे. पण शाळेच्या आत एक शिक्षक दुसऱ्यावर जे काम टाकतो आणि दुसरा ते मुकाट्याने घेतो, त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. मी सहा वर्षं असं काम घेत होते. म्हणून आज मीच लिहायला बसले आहे.

आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. पहिली ते सातवी, मुख्याध्यापकांसह पाच शिक्षक. २०१८च्या ऑनलाइन बदल्यांत मी इथे आले. माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे. शेजारच्या खोलीत सहावी-सातवीला शिकवणारे सर माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत. त्यांच्याबद्दल काही लिहिण्याआधी हे लिहिलं पाहिजे की ते फार चांगले शिक्षक आहेत. क्षेत्रफळ शिकवायचं असेल तर ते मुलांना शाळेमागच्या रानात नेतात आणि दोरी धरून वाफे मोजायला लावतात. हायस्कूलला गेलेली मुलं सुट्टीत गावात आली की आधी त्यांनाच भेटतात. पोरांना ओरडल्याचा त्यांचा आवाज मी सहा-सात वर्षांत दोनदाच ऐकला असेल.

मी रुजू झाल्यावर पंधरा दिवसांतच सर मोबाइल घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आले. “मॅडम, हा फोटो जरा कमी केबीचा करून द्या की. वर चढतच नाही.” मी तो लहान करून दिला. खरंच दोन मिनिटांचं काम होतं आणि मला ते करताना बरंच वाटलं. नवीन शाळा, नवीन माणसं, आणि वयाने मोठ्या माणसाने आपल्याला काहीतरी विचारलं. तोवर केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, ‘तंत्रस्नेही शिक्षकां’च्या यादीत माझं नाव घातलं होतंच. आमच्या केंद्रात या नावाचा अर्थ एवढाच, की ज्याला जमतं त्याने सगळ्यांचं करायचं.

मग सुरू झालं. नवोदयचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, ज्या मुलाचं आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरवरचं नाव जुळत नाही त्याची दुरुस्ती, यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर सरांच्या वर्गाची माहिती, शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्यांना दाखवायची पीपीटी, निकालाच्या वेळी वर्णनात्मक नोंदी. २०२४च्या अखेरीस अपार आयडीची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाची, घाई झाली तेव्हा सातवीच्या पालकांची संमतिपत्रं मुलांच्याच हाती माझ्या टेबलावर आली असती, पण तोवर गोष्टी बदलल्या होत्या; ते पुढे सांगते. शाळेची कामं पुरी पडेनात म्हणून घरची आली. लेकीचं पुण्याचं एसटीचं आरक्षण, विजेचं बिल, मेहुण्याच्या वास्तुशांतीची पत्रिका. मी तालुक्याच्या गावाहून गाडीवर येते. सकाळी सव्वानऊला फोन वाजला की न बघता कळायचं, येताना काहीतरी घेऊन यायचं आहे. झेरॉक्स, गोळ्या, एकदा तर पाण्याच्या मोटरीचा कपॅसिटर. झेरॉक्सचे दहा-वीस रुपये कधी मिळायचे, कधी राहून जायचे. पैशांचं मला काही वाटलं नाही. खरं वाईट होतं ते “मॅडम, माझ्या वर्गाकडं जरा बघा, बँकेत जाऊन आलोच” हे. तिसरी, चौथी, सहावी, सातवी, चार इयत्ता आणि एक शिक्षक. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहून मी ते तास काढले आहेत.

यातलं एकही काम मोठं नव्हतं. म्हणूनच नाही म्हणता आलं नाही. मोठं काम असतं तर विचार केला असता, घरी विचारलं असतं. फोटो लहान करायला कोण नाही म्हणतं? आणि एकदा हो म्हटलं की दुसऱ्यांदा नाही म्हणायला कारण लागतं. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगते, आणि माझ्याच अंगी ती भीड मुरलेली होती.

इथे थोडं माझ्या आईबद्दल सांगते. माझं माहेर याच भागातलं. घरची चार एकर जिराईत. मजूर लावायची ऐपत नव्हती, म्हणून बाजरीची खुरपणी असो की ज्वारीची काढणी, सगळं पैऱ्याने चालायचं. काही गावांत याला सावड म्हणतात. आज माझ्या रानात चार बायका, उद्या मी त्यांच्या रानात. आई चुलीच्या बाजूच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. कुणाचे किती दिवस आले, आपले किती फिटले. लहानपणी मला ते खटकायचं. शेजारपाजारच्या बायका, त्यातली एक तर सख्खी चुलती, त्यांचा कसला हिशेब? आई म्हणायची, रेघ आहे म्हणून तर पुढच्या साली त्या येतात. रेघ पुसली की एकीचं रान आधी उरकतं आणि दुसरीचं तसंच राहतं, आणि मग बोलणंही राहत नाही.

ती आठवण मला २०२४च्या जूनमध्ये झाली. शाळा नुकतीच उघडली होती. टाचण वहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांच्या नियोजनाच्या वहीच्या, शेवटच्या पानावर मी रेघा ओढायला सुरुवात केली. सरांनी काम सांगितलं की एक रेघ, आणि शेजारी मिनिटं. रागाने नाही, मला स्वतःलाच बघायचं होतं. पंधरा जून ते पंधरा जुलै, एका महिन्यात तेवीस रेघा झाल्या. मिनिटांची बेरीज केली तर अकरा तास चाळीस मिनिटं. त्यातले सात तासांहून जास्त शाळेच्या वेळातले, म्हणजे परिपाठ ते शाळा सुटण्याच्या मधले. उलट बाजूला, म्हणजे माझ्या मदतीला सर आले अशी एक रेघ होती. माझी गाडी पंक्चर झाली तेव्हा त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडलं होतं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन ठरवून दिलं आहे. त्या आठशे तासांतले हे सात तास. वर्षभर हाच वेग धरला तर किती, हे मी मांडून बघितलं आणि वही मिटून ठेवली.

पण तासांनी मला हलवलं नाही. हलवलं एका मुलीने. तिसरीत होती. मेंढपाळाच्या घरची. दिवाळी झाली की घरचं सगळं बिऱ्हाड मेंढरांबरोबर खाली उतरतं आणि पाऊस लागला की परततं. ती जूनमध्ये येते आणि दिवाळीपर्यंत राहते. म्हणजे दोनशे दिवस तिच्यासाठी कागदावरच. तिच्या वाट्याला मोजून साडेचार महिने. ‘निपुण’ या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचं उद्दिष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे, तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत. ही मुलगी जूनमध्ये जोडाक्षराशी अडखळत होती. ‘पुस्तक’ वाचताना ‘पु’ म्हणायची, मग ‘स’, मग माझ्याकडे बघायची.

तिची एक सवय होती. मधल्या सुट्टीनंतर मुलं स्थिरस्थावर व्हायच्या आत ती पुस्तक घेऊन टेबलाशी यायची. बोट ओळीवर ठेवून उभी. एक परिच्छेद वाचायचा, अडला तर मी सांगायचं, की जागेवर. पाच मिनिटांचं काम. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा मी सरांच्या वर्गाची माहिती भरत होते. दुपारी ग्रुपवर निरोप आला होता की आज चारपर्यंत लिंक भरा. मी मान वर न करता म्हटलं, “थांब हं जरा.” ती थांबली. साइट अडकली, पान परत उघडलं, ओटीपीसाठी शेजारी हाक मारली. मान वर केली तेव्हा ती जागेवर जाऊन बसली होती. दुसऱ्या दिवशीही असंच झालं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. पुस्तक दप्तरात होतं आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती.

मला ते लक्षात यायला आणखी चार दिवस गेले. एकोणीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला चार दिवस लागावेत याची मला आजही लाज वाटते. मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, वाचायला का येत नाहीस? ती म्हणाली, “बाई, तुमास्नी काम असतंय.”

एवढं होऊनही मी सरांना काही बोलले नाही. ठरवलं, पण ओठावर आलं नाही.

२९ जुलैला, सोमवारी, सरांनी माझ्यासमोर प्लास्टिकची पिशवी ठेवली. फॉर्म सोळा, एलआयसीच्या पावत्या, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला. आयकर विवरणपत्र भरायची मुदत ३१ जुलै. “दोन वर्षं तुम्हीच भरताय, तुम्हाला माहितीच आहे सगळं.” मी पिशवी घेतली. त्या रात्री माझ्या मुलाला ताप चढला. मंगळवार दवाखान्यात गेला. बुधवारी रात्री नऊला मी लॅपटॉप उघडला, कागद लावून घेतले आणि संकेतस्थळावर लॉगिन करायला लागणाऱ्या आधारच्या ओटीपीसाठी सरांना फोन लावला. ते पाहुण्यांकडे जागरणाला गेले होते, वस्तीवर रेंज नव्हती. मी बारापर्यंत फोन लावत राहिले.

ज्यांना कराची माहिती आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. त्या वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होणारी झाली होती. पगारदाराला जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीत विवरणपत्र भरूनच ती निवडता येते. मुदत गेली की तो दरवाजा बंद. सरांचा वर्षभराचा कर जुन्या प्रणालीने कापला होता, गृहकर्ज आणि विमा धरून. आता ती वजावट गेली. वीस हजारांच्या वर जादा कर आणि पाच हजार रुपये विलंब शुल्क.

ऑफिसात मुख्याध्यापक आणि बाकीचे दोघे बसलेले असताना सर मला म्हणाले, “मॅडम, जमत नव्हतं तर आधी सांगायचं.”

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही. घरी येताना घाटात गाडी बाजूला लावून मी रडले. पिशवी कुणाची, कर कुणाचा, मुदतीच्या दोन दिवस आधी कोण जागं झालं, फोन कुणाचा लागत नव्हता, हे सगळं मनात परत परत घोळवलं. रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण वाक्य तर बरोबर आहे त्यांचं. तू कधी सांगितलंस?”

मी त्या रात्री झोपले नाही. सहा वर्षांत मी एकदाही जमत नाही असं म्हटलं नव्हतं. सरांना कसं कळणार? माझा चेहरा वाचून? मी तर हसून काम घ्यायचे. त्यांच्या लेखी मला हे आवडत होतं. माझ्या वेळेची किंमत मी त्यांना कधी सांगितलीच नाही, आणि त्या वेळेची मालकीण तरी मी कुठे होते? तो तिसरीतल्या मुलीचा वेळ होता. मी दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करत होते.

पुढचे पंधरा दिवस मी चुकीच्या वाटेने गेले. माझा नेट संपलाय. चार्जर घरी राहिला. साइट बंद आहे वाटतं. कारण सांगितलं की काम टळत नाही, उद्यावर जातं. “बरं मग उद्या करू” हे सरांचं उत्तर ठरलेलं. खोटं बोलण्याचा त्रास वेगळा, आणि मुलांसमोर ते बोलावं लागलं याचा आणखी वेगळा. वाचकांपैकी जे कुणी माझ्यासारखे अडकलेले असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, सबबी सांगू नका. सबब म्हणजे पुढच्या वेळचं हो.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी सरांना थांबायला सांगितलं. रात्री वहीत लिहून काढलेली वाक्यं मी जवळजवळ पाठ केली होती. “सर, तुमचं नुकसान झालं त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मला जमणार नाही हे मी आधीच सांगायला हवं होतं, ते आज सांगते. शाळेच्या वेळात मी माझ्या वर्गाशिवाय दुसरं कुणाचंही ऑनलाइन काम करणार नाही. तुमचे पासवर्ड आणि ओटीपी यापुढे मला सांगू नका, ते मला ठाऊक असणं तुमच्यासाठीही बरं नाही. घरची कामं मी घेणार नाही. पण तुम्हाला स्वतः शिकायचं असेल तर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी एक तास थांबेन. माऊस तुमच्या हातात, मी शेजारी.”

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एवढ्यातेवढ्याचा हिशेब ठेवायला लागलात होय मॅडम?” आणि पिशवी घेऊन निघून गेले.

त्यानंतरचे दोन महिने सोपे नव्हते. डबा आम्ही सगळे एकत्र खायचो. सरांच्या घरचा खर्डा माझ्या भाकरीवर ठरलेला. तो बंद झाला. ते वर्गातच खायला लागले. केंद्रात बातमी पोचली की मॅडमना गर्व झालाय, कॉम्प्युटर येतो म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, “वयाने मोठे आहेत, समजून घ्या.” मी त्यांना विचारलं, सर, तेवीस रेघांपैकी कुठल्या समजून घेऊ? त्यांनी वहीचं पान बघितलं आणि काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याच शाळेत पाचवीला एक तरुण सर आहेत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं, एक्सेल तर फारच चांगलं. त्यांनी रुजू होताच सांगून टाकलं, “मी दुसऱ्याचं करत नाही, चूक झाली तर माझ्यावर येते.” त्यांना कुणी गर्विष्ठ म्हटलं नाही. व्यवहारी म्हटलं. माझ्या बाबतीत नाही हा शब्द निघताच स्वभाव बदलल्याची चर्चा झाली. पाहुणे आले की चहा कुणी ठेवायचा, अधिकारी आले की ओवाळायचं कुणी, हे जसं ठरलेलं असतं, तसंच शाळेत बाईमाणसाने ‘असू दे, मी करते’ म्हणायचं हेही ठरलेलं असतं. अंगणवाडी सेविका, परिचारिका, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणी, सगळ्यांकडून मी हेच ऐकते. या एका बाबतीत मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

मी मदत बंद केली असंही नाही. सप्टेंबरमध्ये सरांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. त्यांचा वर्ग मी आणि तरुण सरांनी वाटून घेतला आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाईल मी रविवारी बसून लावून दिली. त्या कामाची रेघ मी ओढली नाही. आईसुद्धा कुणाच्या घरी आजारपण असलं तर भिंतीकडे जायची नाही. पैरा वेगळा आणि अडीनडीला धावून जाणं वेगळं. रोजचं काम अडीनडीच्या नावाने मागितलं की दोन्हींचा घोटाळा होतो.

रजा संपवून सर परत आले ते दिवाळीच्या सुट्टीनंतर. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर ते शंभरपानी वही घेऊन माझ्या वर्गात आले आणि मुलांच्या बाकावर बसले. पहिल्या पानावर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘१. क्रोम उघडणे.’ माऊस धरताना त्यांचा हात थरथरत होता. मला वाटलं आजारपणामुळे. मग त्यांनीच सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी, पगाराची कामं नुकती ऑनलाइन झाली तेव्हा, आधीच्या शाळेत त्यांच्या हातून एक चुकीची नोंद गेली. चार शिक्षकांचा पगार दोन महिने अडकला आणि भर बैठकीत त्यांना उभं करून बोललं गेलं. तेव्हापासून ‘सबमिट’च्या बटणावर बोट ठेवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे, आम्हा सगळ्यांकडेच आहे. त्या प्रमाणपत्राखाली ही भीती इतकी वर्षं झाकून राहिली. आणि मी ‘द्या इकडे, मी करते’ म्हणत त्यांची प्रत्येक नोंद भरून देत होते, म्हणजे त्या भीतीला खतपाणी घालत होते.

अपारची संमतिपत्रं त्यांनी स्वतः भरली. एका मुलाला वीस मिनिटं लागायची, मग दहा, मग पाच. मोबाइलवर बोलून मराठी टंकन करता येतं हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. वर्णनात्मक नोंदी आता ते बोलून लिहितात आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या असतात, कारण त्यात मूल दिसतं. ‘तोंडी हिशेब भरभर करतो, पाटीवर मांडताना घाई करतो, बैल राखायला जातो तेव्हा पाढे म्हणतो’ अशी नोंद मी त्यांच्यासाठी कधीच लिहिली नसती. मी ‘प्रगती समाधानकारक’ लिहून मोकळी व्हायचे.

अजूनही सगळं सुरळीत नाही. यू-डायसचं काम आलं की सर दारात येऊन उभे राहतात. मी म्हणते, शनिवारी. त्यांचा चेहरा पडतो. माझ्या पोटात अजूनही खड्डा पडतो. २०२५मध्ये विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण सर जुलैमध्येच तालुक्याला कर सल्लागाराकडे गेले आणि पाचशे रुपये देऊन काम उरकून आले. मला पावती दाखवली. काही बोलले नाहीत, मीही नाही.

आता शिक्षण खात्याकडे माझं एक मागणं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. माहिती भरणं हे शैक्षणिक की अशैक्षणिक, यावर वाद घालत बसण्यापेक्षा निदान ती कोणी भरायची हे स्पष्ट करा. ‘ज्याला येतं तो करेल’ असं मोघम सोडलं की शाळेशाळेत एकेक माणूस पकडला जातो, आणि त्याचा वर्ग उघडा पडतो. केंद्रशाळेत आठवड्यातून दोन दिवस तरी माहिती भरणारा माणूस द्या. शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी ज्येष्ठ शिक्षकांच्या हातात माऊस देऊन एक तास शिकवा, चूक झाली तर ओरडू नका. आणि ‘आज चारपर्यंत’ असे निरोप दुपारी एकला पाठवू नका. चारपर्यंत आम्ही वर्गात असतो.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. सप्टेंबरपासून ती परत टेबलाशी यायला लागली, कारण टेबलावर लॅपटॉप नव्हता. साठ शब्दांपर्यंत ती पोचली नाही. दिवाळीआधी मी शेवटचे मोजले तेव्हा अडतीस होते. मेंढरांबरोबर निघाली तेव्हा दोन पुस्तकं तिच्या बापाच्या घोड्यावरच्या ओझ्यात बांधून दिली. २०२५च्या जूनमध्ये ती चौथीत आली. माझाच जोडवर्ग असल्याने माझ्याकडेच राहिली. एक पुस्तक पावसात भिजून गेलं. दुसरं तिला पाठ आहे, त्यामुळे ते वाचते की म्हणते हे मला कळत नव्हतं. नवीन पुस्तक पुढे ठेवलं तर ‘पुस्तक’ हा शब्द ती न अडखळता वाचून गेली आणि थांबली नाही.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी सरांना शनिवारी पूर्ण वाचून दाखवलं. त्यांची हरकत असती तर पाठवलं नसतं. करापाशी ते खाली बघत होते. शेवटी म्हणाले, “पाठवा. पण आम्हाला इतक्या वर्षांत कुणी शेजारी बसवून शिकवलं नव्हतं, हेही लिहा.” ते मी लिहिते आहे. त्यांना कुणी ओळखू नये म्हणून माझं आणि शाळेचं नाव कृपया प्रसिद्ध करू नये.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
जि. सातारा